आरआयआरचा कोंबडा आणि आईच्या गावरान कोंबड्या

आमची वस्ती सोलापूरजवळ मंद्रूपकडं, आणि आई पहिल्यापासून गावरान कोंबड्याच पाळते. गावरान कोंबडी वर्षाला देऊन देऊन ५०-६० अंडी देते, त्यातबी दहा-पंधरा दिली की खुडूक होते, मग २१ दिवस अंड्यावर आणि पुढं दोन-अडीच महिने पिल्लांमागं, तोवर अंडी बंद. म्हणून तीन वर्षापूर्वी मी ऱ्होड आयलंड रेड ह्या जास्त अंडी देणाऱ्या परदेशी जातीचा, म्हणजे आपण आरआयआर म्हणतो तो, एक कोंबडा आणून त्यांच्यात सोडला.

पहिली पिढी बघून लय भारी वाटलं. तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्या, अंगानं भरलेल्या, अंडी मोठी आणि तपकिरी, खुडूक व्हायचं पण कमी. मग मी काय केलं, ह्याच पिल्लातला एक देखणा कोंबडा ठेवला आणि त्याच्याच बहिणींवर सोडला, इथंच चुकलं. दुसऱ्या पिढीत एक कोंबडी आठवड्याला पाच अंडी देतीय आणि तिची सख्खी बहीण बारा देऊन खुडूक. संकराचा जोर पहिल्या पिढीत दिसतो, पुढं गुण फाटतात, कुठलं पिल्लू आजीवर जातं कुठलं आज्यावर, आणि त्यात रक्त जवळचं असलं की अजून नुकसान. सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावला तर फळलेल्या अंड्यात लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या दिसतात, त्या खेपेला १२ पैकी ५ अंडी अगदी कोरी निघाली. आई काही बोलली नाही, नुसती अंडी बाजूला काढत बसली.

आता कोंबडा बाहेरचाच आणतो, शुद्ध आरआयआर, आणि दर दोन वर्षाला बदलतो. गावरान माद्या मात्र तशाच जपल्यात, कारण उबवायला त्यांच्यासारखं कोणी नाही. हैदराबादच्या वनराजा, ग्रामप्रिया ह्या कोंबड्यांच्या जाती चांगल्याच आहेत, पण त्या मुळात संकरित, त्यांच्या अंड्यातनं पुढं तसलीच पिल्लं निघतील असं धरू नका. आणि कडकनाथचं अंडं काळं असतं म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका, कोंबडी काळी असली तरी अंडं फिकट बदामी रंगाचंच असतं.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर गेला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ पडतं, वर खाणंबी कमी झालेलं असतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खुराड्यावर ओलं गोणपाट टाका, पाणी दुपारी बदला.

सध्या एक तांबडी डालग्याखाली १४ अंड्यांवर बसलीय, आज १८वा दिवस. आता अंडी हलवायची नसतात, म्हणून आई डालग्याजवळच खाट टाकून झोपतीय आणि मला तिकडं फिरकूबी देत नाही.