जुना लॅपटॉप आणि वाटेत हरवलेली वीज

‘माळ्यावरून काढलेला जुना लॅपटॉप चालू होत नाही, सुरुवात कुठून करावी?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतेच. विचारणाऱ्याने तोवर बटण वीस-पंचवीस वेळा दाबून पाहिलेले असते आणि ‘मदरबोर्ड गेला’ असा निकालही परस्पर देऊन टाकलेला असतो. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो: भिंतीतल्या प्लगपासून निघावे आणि वीज ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने, एकही टप्पा न गाळता, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजणारे मीटर) घेऊन पुढे जावे. मदरबोर्ड त्या वाटेवर सर्वांत शेवटी येतो.

आधी बॅटरी काढून बाजूला ठेवावी. लिथियमची असेल आणि फुगली असेल, तर ती चार्ज करून पाहण्याच्या फंदात पडूच नये. मग अडॅप्टरवरचे लेबल वाचावे. परदेशातील नातेवाइकांनी पूर्वी आणलेल्या काही यंत्रांच्या अडॅप्टरवर केवळ १२० व्होल्ट लिहिलेले असते आणि आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो जळतो. ‘कंपनी तीच आहे, मग चालेल’ हा तर्कही कामाचा नाही. थिंकपॅड लॅपटॉपच्या टी४३पर्यंतच्या यंत्रांना १६ व्होल्ट लागत आणि टी६०पासून २० लागू लागले. १९८३च्या टीआरएस-८० मॉडेल १०० या छोटेखानी यंत्राला ६ व्होल्ट लागतात, पण त्याच्या प्लगचे मधले टोक ऋण असते, म्हणजे आज आपल्या सवयीचे आहे त्याच्या नेमके उलट.

अडॅप्टरची पारख मात्र नीट करावी, कारण मी स्वतः तिथेच फसलो होतो. मामेभावाने १९९३चा एक लॅपटॉप आणून दिला. बटण दाबले की हिरवा दिवा क्षणभर लुकलुके आणि विझे. अडॅप्टरवर १५ व्होल्ट लिहिलेले, मीटरवर १५.२ दिसले, म्हणून अडॅप्टर निर्दोष ठरवून मी दोन रविवार यंत्र उघडण्यात घालवले. पुढे पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्टचा, २१ वॉटचा बल्ब आणला आणि अडॅप्टरच्या टोकांना जोडला. बल्बची तार जेमतेम लाल झाली आणि मीटरचा आकडा आठवर घसरला. आतले कपॅसिटर (वीज तात्पुरती साठवणारे भाग) सुकले, की अडॅप्टर रिकाम्या हाताने पूर्ण व्होल्टेज दाखवतो, पण प्रत्यक्ष भार पडताच मान टाकतो. म्हणून भार जोडल्याशिवाय केलेल्या मोजणीवर मी आता विश्वास ठेवत नाही. असा अडॅप्टर उघडण्याचा मोह मात्र टाळावा. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहू शकतात. त्याच व्होल्टेजचा, तेवढाच किंवा अधिक अँपियर देणारा, ध्रुवता (प्लगचे कोणते टोक धन, कोणते ऋण) जुळणारा दुसरा अडॅप्टर घ्यावा.

त्यापुढे चार्जिंगची पिन जिथे बसते तो सॉकेट. तो हलवल्यावर दिवा पेटत-विझत असेल तर बहुधा सोल्डरला (डाग देऊन केलेल्या जोडाला) तडा गेलेला असतो. सॉकेटच्या जवळच तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज असतो. जोडणी अखंड असेल तर वाजणारा मीटरचा बझर त्यावर वाजला नाही तर तो उडालेला आहे. पण तो उडाला का, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये.

माझ्या यंत्राचा दिवा नव्या अडॅप्टरवर स्थिर राहिला, तरी हार्ड डिस्कचा आवाज येईना आणि पडदाही काळाच. (पडद्यावर तिरकी विजेरी मारून पाहावी, पुसट अक्षरे दिसली तर यंत्र चालू आहे, फक्त पडद्यामागची नळी पेटलेली नाही.) तसे काही दिसले नाही, म्हणून १५ व्होल्टचे ५ आणि १२ व्होल्ट करणारी सर्किटची छोटी पाटी बाहेर काढली. त्या काळातले चपटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलेले दिसतातच असे नाही. त्यांच्या पायाशी सोल्डर काळवंडलेले असते आणि तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवली, की शिजलेल्या मासळीचा वास येतो. तो वास आला, की निदान पक्के. पुण्यातल्याच तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून अकरा नवे कपॅसिटर आणले. त्यांतले काही टँटॅलम या दुसऱ्या प्रकारचे होते, आणि इलेक्ट्रोलिटिकवरचा काळा पट्टा ऋण टोक दाखवतो तर टँटॅलमवरचा पट्टा धन टोक, हे विसरून एक उलटा बसवला. तो फुटला तेव्हा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला.

पाटीच्या कडेला यंत्रातल्या घड्याळाची निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरून मोरपंखी बुरशीसारखा थर जमला होता. हा स्राव अल्कधर्मी असतो आणि तांब्याचे ट्रॅक खात जातो. आधी व्हिनेगरने तो मारावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे. अशी बॅटरी यंत्रात दिसली, तर यंत्र उत्तम चालत असले तरीही ती त्याच दिवशी काढून टाकावी. माझ्याकडे एक ट्रॅक पूर्ण तुटला होता, तो बारीक तारेने जोडला.

त्या रात्री हार्ड डिस्क कुरकुरली आणि डॉसने (त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमने) तारीख विचारली: मंगळवार, १ जानेवारी १९८०. घड्याळाची बॅटरीच नसल्याने ते साहजिक होते. तिची जागा मी अजून रिकामीच ठेवली आहे आणि दर वेळी तारीख हाताने घालतो.