तुम्ही विचारलंत म्हणून: नॉमिनी मी, मग पैसे माझेच ना?

मी पीएफचे अर्ज भरून देते हे कळलं की बायका आवाज खाली करून हेच विचारतात: नवऱ्याच्या खात्याला नॉमिनी मीच आहे, म्हणजे पैसे माझेच ना?

बँकेतल्या ठेवीपुरतं सांगायचं तर, नाही. नॉमिनीच्या हातात बँक रक्कम देते, मालकी मात्र वारसांची. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याबद्दल असंच म्हटलं, २०१० मध्ये ठेवींबद्दल, २०२३ मध्ये शेअर्सबद्दल. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि सासू, सगळ्यांना सारखा वाटा. विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला. आता नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच.

पीएफचा नियम मात्र निराळा, आणि तो मी घरातच शिकले. बाबा नोकरीला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. अर्जावर धाकट्या काकांचं नाव घातलं, ते पुढे बदलायचं राहूनच गेलं. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. कारखान्यातल्या कारकुनाने आईला सांगितलं, "तुमचं नाव नाही, दिराला पाठवा." आई तशीच परत आली. महिनाभर ती या विषयावर बोललीच नाही.

कारकुनाचं चुकलं होतं. पीएफ योजनेत, कुटुंब असलेल्या माणसाला नॉमिनी कुटुंबातलाच ठेवावा लागतो, आणि भाऊ त्या व्याख्येत बसत नाही. लग्न झालं त्या दिवशीच काकांचं नाव बाद झालं होतं. हे काकांनीच शोधून काढलं आणि आईबरोबर तीनदा ऑफिसला गेले. रक्कम आईला आणि मला मिळाली. विधवा पेन्शनही सुरू झाली. ती बायकोची, तिला नॉमिनीचं नाव लागत नाही.

दोघं हयात असताना, किंवा वेगळं व्हायची वेळ आली तर? इथे मला खरंच राग येतो. गोव्यात, वेगळा करार नसेल तर, संपत्ती दोघांची धरली जाते. बाकी देशात पोटगी मागता येते, पण ज्याच्या नावावर बचत त्याची ती. वीस वर्षं घर सांभाळणारीच्या कष्टांची नोंद कुठल्याच पासबुकात नसते. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत गृहिणीचा समान वाटा मान्य केला. पण तो एका खटल्यातला निकाल. प्रत्येकीला आपोआप हक्क देणारा कायदा अजून नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: नवऱ्याचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, माहीत आहे? खाती कोणकोणत्या बँकेत? लग्नानंतर नॉमिनेशन पुन्हा भरलंय? बहुतेकींना पहिल्याच प्रश्नाला फोन करावा लागतो. तो फोन माझ्यासमोरच लावा, म्हणते मी.