सांडपाण्यात सापडलेला फाज थेट रुग्णाला का देत नाहीत?

रोगकारक जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज, शोधणे हे माझे काम आहे असे सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हे विषाणू सांडपाण्यात सहज मिळतात आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनाही मारतात, तर ते रुग्णांना सरळ का देत नाहीत? तुम्हीही विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

फाज मिळवणे खरोखरच फारसे अवघड नाही. फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ मध्ये पॅरिसमध्ये आमांशाच्या रुग्णांच्या विष्ठेतून फाज वेगळे केल्याचे जाहीर केले. आजची पद्धतही तत्त्वतः तीच आहे. समजा, क्लेब्सिएला न्यूमोनिई या जिवाणूसाठी फाज हवा आहे. सांडपाण्यातला गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, खाली बसवून वरचे पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढले, की जिवाणू अडकतात आणि फाज पार होतात (फार मोठे फाजही अडकतात, ही या पद्धतीची उणीवच आहे). त्या पाण्यात क्लेब्सिएला मिसळून ते ३७ अंश सेल्सियसला रात्रभर ठेवले, की मोजक्या फाजांचेही असंख्य होतात. मग ते पुन्हा गाळून, पातळ आगरमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) जिवाणूंसोबत मिसळून प्लेटवर ओतायचे. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या सायीसारख्या थरात पारदर्शक ठिपके दिसतात. त्यांना प्लाक म्हणतात. एका प्लाकमधला फाज उचलून पुन्हा प्लेटवर वाढवायचा, आणि सर्व ठिपके एकसारखे दिसेपर्यंत हेच करत राहायचे.

खरा वेळ जातो तो यानंतर, नको ते फाज नाकारण्यात. काही फाज जिवाणूला न मारता आपला जनुकसंच त्याच्या जनुकसंचात मिसळून गप्प बसतात, आणि त्यांच्याबरोबर नको ती जनुकेही जिवाणूत येऊ शकतात. पटकीच्या जिवाणूतील विषाची जनुके मुळात एका फाजाने वाहून आणलेली आहेत, हे वॉल्डर आणि मेकॅलॅनॉस यांनी १९९६ मध्ये दाखवले. म्हणूनच प्लेटवर कितीही उत्तम दिसणाऱ्या फाजाचा संपूर्ण जनुकक्रम वाचल्याशिवाय मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. शिवाय फुटलेल्या जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हा विषारी घटक द्रावणात उरतो. तो रक्तात गेला तर ताप येतो, रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो, त्यामुळे शुद्धीकरण टाळता येत नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र फाजाच्या काटेकोर निवडीची आहे. क्लेब्सिएलाच्या बाह्य आवरणाचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत आणि बरेचसे फाज त्यांपैकी एखाददुसऱ्यालाच ओळखतात. शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही क्लेब्सिएलाचाच संसर्ग असेल, तरी पहिल्याचा फाज त्याच्यावर चालेलच असे नाही. २०१६ मध्ये सॅन डिएगो येथे टॉम पॅटरसन या रुग्णाच्या ॲसिनेटोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गावर फाज दिले गेले आणि ते वाचले, पण ते फाज त्यांच्याच शरीरातून काढलेल्या जिवाणूवर तपासून निवडलेले होते. त्या काळात त्यांना प्रतिजैविकेही चालू होती, त्यामुळे सगळे श्रेय फाजांना देणे मला घाईचे वाटते.

रुग्णाचे नातेवाईक अनेकदा अहवालातील जिवाणूचे नाव कळवतात आणि त्यावर चालणारा फाज आहे का, असे विचारतात. नुसत्या नावावरून मला काहीच सांगता येत नाही. त्या रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेला प्रत्यक्ष जिवाणूच प्रयोगशाळेत यावा लागतो.