समासातला ‘का?’

मंगळवार, रात्र

आज रिअल अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे गणितातल्या सिद्धतांच्या विषयाच्या, वह्या परत मिळाल्या. माझ्या सहा पानांत सरांनी समासात लाल शाईनं अकरा वेळा एकच शब्द लिहिलाय : ‘का?’. रूममेटच्या वहीत नऊ वेळा. मी वही घेऊन लायब्ररीत गेले. ती खोलीवर येऊन रडली.

सर कधी आवाज चढवत नाहीत. ‘हे उघडच आहे’ असं लिहिलेलं मात्र त्यांना चालत नाही. क्षचा वर्ग हे फल (फंक्शन) 2 पाशी संतत आहे, म्हणजे क्ष 2 च्या पुरेसा जवळ ठेवला की त्याचा वर्ग 4 च्या हवा तितका जवळ राहतो, एवढं सिद्ध करायला मला सुरुवातीला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. वर्गात चालेल तेवढा फरक म्हणजे एप्सिलॉन, आणि त्यासाठी क्ष 2 पासून ज्या अंतराच्या आत ठेवायचा ते डेल्टा. 1 आणि एप्सिलॉन भागिले 5, यांतला जो लहान तो डेल्टा. ते 5 आलं कुठून? वर्गातला फरक म्हणजे (क्ष उणे 2) गुणिले (क्ष अधिक 2), आणि क्ष हा 2 पासून एकाहून कमी अंतरावर ठेवला, की क्ष अधिक 2 हे 5 च्या आतच राहतं, म्हणून. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की रात्री साडेबाराला आईला फोन केला.

कोशीसारख्या मोठ्या गणितज्ञानं 1821 मध्ये लिहिलं, की संतत फलांच्या अभिसारी श्रेणीची (जिची न संपणारी बेरीज एका ठरावीक उत्तराकडे जाते तिची) बेरीज संततच असते. 1826 मध्ये एबल या गणितज्ञानं एका तळटीपेत साइनची एक श्रेणी मांडून दाखवलं, की नेहमी तसं होत नाही. सरांनी हे सांगितलं तेव्हापासून समासातला ‘का?’ मला टोचत नाही. कोशीलाही कुणीतरी तेच विचारलं होतं ना!

मागच्या बाकावरचा एकजण सिद्धता तोंडपाठ करून निवांत पास होतो. एका मित्रानं विषय सोडून संख्याशास्त्र घेतलं. तो आता खरंच खुशीत आहे, आणि त्यानं योग्यच केलं असं मला वाटतं.

पण रूममेट आज जे बोलली ते डोक्यातून जात नाही. “तुला ‘का?’ दिसला की वाटतं, सरांना पुढचं ऐकायचंय. मला वाटतं ते विचारतायत, तू इथे का?” मी शंका घेऊन चार वेळा केबिनमध्ये जाऊन आलेय. ती एकदाही गेलेली नाही. सरांना हे ठाऊक असेल का? असायला हवं. वहीत एखाद्या ठिकाणी ‘छान’ लिहिलं तर गणिताचा कस कमी होत नाही.

जेवणानंतर तिची वही मागून घेतली. चौथ्या गणिताला पानभर सिद्धता, आणि समास अख्खा कोरा. माझ्या वहीत असं एकही पान नाही. मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून तिला दाखवलं, की सरांना इथे विचारायला काही उरलंच नाही.

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग तसं लिहायचं की त्यांनी.”

उद्या केबिनमध्ये बरोबर येतेस का, म्हणून विचारलंय. बघू, म्हणाली.