मांडव आपला, लग्न दुसऱ्याचं

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक आजोबा राहतात. जिन्यात भेटले की आमचं अगदी अहो-जाहो, म्हणजे जर्मनमधलं 'झी', मग पाऊस किती पडला, कचऱ्याचा कुठला डबा उद्या बाहेर ठेवायचा, की संपलं बोलणं. आणि हेच आजोबा रविवारी आल्टोना 93 या फुटबॉल क्लबच्या मैदानावर दिसले की थेट 'डू', अरे-तुरे, पाठीवर थाप, वर "एवढंसं मस्टर्ड घेऊन ब्राटवुर्स्ट खातात होय रे?" पहिल्यांदा मी दचकलोच होतो.

आल्टोना म्हणजे हॅम्बुर्गचा पश्चिमेकडचा भाग. पण असं त्या मैदानावर म्हणायचं नाही, कारण 1937 पर्यंत हे स्वतंत्र शहर होतं, आणि 1864 पर्यंत तर चक्क डेन्मार्कच्या राजाचं. नावाची गोष्ट अशी सांगतात की हॅम्बुर्गवाल्यांना ही वस्ती आपल्या वेशीला खेटून नको होती, ते इकडच्या बोलीत कुरकुरायचे, 'अल टो ना', फारच जवळ. खरंखोटं देव जाणे, पण क्लबचा इतिहास बघितला तर नाव अगदी फिट्ट बसतं.

क्लब 1893 चा. 1900 मध्ये जर्मनीचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला तेव्हा ज्या क्लबांनी मिळून तो केला त्यात हेही होते. मग 1903 मध्ये देशाची पहिली चॅम्पियनशिप भरली. आल्टोनाने माग्डेबुर्गच्या व्हिक्टोरियाला 8-1 धुतलं आणि सेमीफायनलला लाइपझिगकडून 6-3 हरले. ठीक आहे, होतं असं. पण पुढची गंमत बघा, फायनल होती कुठे, तर आल्टोनातच! तिकडे दुसऱ्या सेमीफायनलला कार्ल्सरूहेच्या टीमला कुणीतरी खोटी तार केली की मॅच पुढे ढकललीय, ते बिचारे गेलेच नाहीत, आणि प्रागची टीम एकही मॅच न खेळता फायनलला हजर. (तारेच्या जमान्यातला फॉरवर्ड मेसेज म्हणायचा हा.) 31 मे ला दोनेक हजार लोक जमले, आणि ऐनवेळी लक्षात आलं की बॉलच धड नाहीये. दुसरा बॉल येईपर्यंत सगळे ताटकळत उभे. रेफ्री फ्रान्झ बेअर, ते आल्टोनाचेच. म्हणजे मैदान घरचं, रेफ्री घरचा, धावपळ घरच्यांची आणि कप 7-2 ने जिंकून लाइपझिग घेऊन गेलं. आपल्याच मांडवात पंक्ती वाढायच्या आणि बोहल्यावर भलताच!

बरं, एकदा झालं असतं तर विसरलेही असते. 1909 ला परत सेमीफायनल, बर्लिनच्या व्हिक्टोरियाकडून 7-0. मग जर्मन कपात 1955 ला सेमीफायनल, 1964 ला सेमीफायनल. त्या 1964 च्या मॅचबद्दल आजोबांना विचारायची सोय नाही, एक्स्ट्रा टाइमपर्यंत नेली होती म्युनिकच्या '1860' नावाच्या क्लबला, मग 4-1 ने हरले, आणि पुढे कप त्याच '1860' ने जिंकला. चार सेमीफायनल, फायनल शून्य. त्याआधी 1963 मध्ये बुंडेसलीगा, म्हणजे देशाची सगळ्यात वरची लीग, सुरू झाली त्यातही नंबर लागला नाही, आणि हळूहळू गाडी खालच्या लीगमध्ये आली ती आली.

मैदानाला नाव आडोल्फ येगरचं. हा इथलाच स्ट्रायकर, जर्मनीकडून 18 मॅच खेळला, तेही मध्ये पहिलं महायुद्ध येऊन गेलं असताना. 1944 च्या नोव्हेंबरमध्ये बॉम्ब निकामी करायचं काम चालू असताना झालेल्या स्फोटात गेला. मैदान शंभरहून जास्त वर्षांचं आहे, गवत वाढलेले उंचवटे, एक छोटा स्टँड, आणि एक कोपरा ज्याला 'मेकर-एके' म्हणतात. मेकर्न म्हणजे शेळीने बें-बें करणं आणि माणसाने कुरकुर करणं, दोन्हीला एकच शब्द. तर हा कुरकुऱ्यांचा कोपरा, आणि आमचे आजोबा तिथले मानकरी. लाइन्समन आंधळा, कोच झोपलेला, बिअर महाग, आणि ही जागा घरं बांधायला विकायचं ठरलंय ते तर रोजचंच. पण मॅच संपली की हेच आजोबा वाकून वाकून लोकांनी टाकलेले बिअरचे ग्लास गोळा करतात, डिपॉझिटचे पैसे पोरांच्या टीमच्या डब्यात.

जर्मनीत अशा क्लबांची संख्या चोवीस हजारांच्या आसपास आहे. कायद्याने सात टाळकी जमली की संस्था रजिस्टर करता येते, मग खजिनदार, सेक्रेटरी, वार्षिक सभा आणि सभेतली भांडणं. आपल्याकडच्या मंडळात वाढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही.

गेल्या रविवारी 1-0 ने मागे होतो, शेवटच्या मिनिटाला बॉल पोस्टला लागून बाहेर. आजोबांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. मग चालत घरी आलो, सगळा रस्ता कोचच्या नावाने. बिल्डिंगचं दार उघडलं, जिन्यातला लाइट लागला, आजोबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "बरंय, शुभरात्री. आणि उद्या निळा डबा आहे, तुम्ही विसरू नका हं."