तुमचा डोस किती, असं विचारलंत म्हणून

इन्हेलर बदलल्यापासून मला हा प्रश्न सारखा येतो, की तुमचा डोस किती आणि तो सेट व्हायला किती वेळ लागला? विचारणारे बरेचदा स्वतःच नवीन इन्हेलरवर आलेले असतात, आठवडा होऊन गेलेला असतो, रात्रीचा खोकला अजून चालूच असतो आणि औषध लागू पडत नाहीये की काय ही भीती मनात असते. ती भीती मला चांगलीच माहितीये. पण माझा आकडा तुमच्या कामाचा नाही, तुमचा दमा वेगळा, तुमचं औषध वेगळं. डोस ठरतो कसा ते मात्र सांगते, कारण ते कळल्यावर माझी निम्मी काळजी गेली.

आधी वेळेचं. निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, काही मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या करतो, चार ते सहा तास टिकतो, पण आतली सूज आहे तिथेच राहते. सूज उतरवतं ते स्टिरॉइड, आणि ते सावकाश काम करतं, थोडा फरक काही दिवसांत जाणवतो पण पूर्ण परिणाम दिसायला आठवडे, कधी कधी महिनेसुद्धा लागतात. मला दिलेल्या पंपात दोन औषधं एकत्र आहेत, ब्युडेसोनाइड आणि फॉरमोटेरॉल. यातलं फॉरमोटेरॉल लगेच छाती मोकळी करतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी वाटतं की चला, झालं काम, आणि मग पहाटे परत छातीत घरघर सुरू झाली की माणूस खचतो. खचू नका, तोपर्यंत स्टिरॉइडने जेमतेम सुरुवात केलेली असते.

सुरुवातीला माझे हात थरथरायचे, कपात चमचा ढवळताना कळायचं, आणि छातीत धडधड व्हायची. हे फॉरमोटेरॉलमुळे होतं आणि बऱ्याच जणांचं पुढे कमी होत जातं, माझंही झालं. पण धडधड जास्त असेल किंवा थांबत नसेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, मनाने पफ कमी करू नका. आवाजही बसला होता. स्टिरॉइडचे कण घशात राहिले की आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशीही येऊ शकते, म्हणून पफनंतर खळखळून चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि ते पाणी थुंकून टाकायचं. मी पंप ब्रशशेजारीच ठेवते, म्हणजे पफ झाला की दात घासले जातात आणि चूळ आपोआप होते.

आता मुख्य गोष्ट. अजून त्रास होतोय म्हटल्यावर आपल्याला वाटतं डोस वाढवून मिळेल, पण माझ्या डॉक्टर म्हणाल्या, आधी माझ्यासमोर घेऊन दाखवा. मी आधी कॅप्सूलवालं पावडरचं इन्हेलर वापरायचे, त्यात श्वास जोरात आणि झटकन ओढावा लागतो कारण पावडर आपल्याच श्वासाच्या जोराने उडते. स्प्रेच्या पंपात बरोबर उलटं आहे, औषध गॅसच्या जोराने बाहेर येतं, त्यामुळे आपण हळू, चार-पाच सेकंद लांब श्वास घ्यायचा, नाहीतर कण सरळ घशाच्या भिंतीवर आपटतात. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबा, हळू ओढा, दहा सेकंद किंवा जमेल तेवढा वेळ रोखून धरा, दुसरा पफ असेल तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा हलवून घ्या. मला स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी, लावून दिला तेव्हा डोस तोच होता, पंप तोच होता, आणि तरी हळूहळू रात्रीचा खोकला उतरत गेला. काही स्पेसर तर आपण घाईने ओढलं की शिट्टी वाजवतात, शिकायला फार उपयोग होतो. तो साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा, पुसल्याने आत स्टॅटिक वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं.

आणि स्टिरॉइडचा डोस दुप्पट केला म्हणून फायदा दुप्पट होत नाही. बहुतेकांना कमी डोसमध्येच बराचसा फायदा मिळतो, वर जाल तसा फायदा थोडा थोडा आणि साइड इफेक्टची शक्यता जास्त. म्हणून डॉक्टर विचारतात की गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का, रात्री जाग आली का, रिलीव्हर, म्हणजे त्रास झाला की लगेच आराम देणारा पंप, किती वेळा लागला, रोजची कामं अडली का. याची उत्तरं आठवणीतून देऊ नका, लिहून ठेवा. मी सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरचा, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर सोडता येतो ते मोजणाऱ्या यंत्राचा, आकडाही लिहायचे, आणि त्या वहीवरूनच डॉक्टरांना दिसलं की संध्याकाळ ठीक आहे पण सकाळचे आकडे पडतायत, मग रात्रीचा पफ वाढवला. पुढे साधारण तीन महिने सगळं शांत असेल तर डोस कमी करून बघतात. माझाही केला, आणि खरं सांगते, वाढवताना वाटली नव्हती एवढी भीती कमी करताना वाटली! पण कमी केलेला टिकला, तोच सध्या चालू आहे. बरं वाटतंय म्हणून अजिबात बंद मात्र करायचा नाही.

सर्दी झाली की काय करायचं, किती पफ वाढवायचे, किती दिवस, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद घरातल्यांनाही दाखवून ठेवा. बोलताना धाप लागून वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रिलीव्हरने आराम पडत नसेल तर डोसचा हिशोब करत बसू नका, रिलीव्हर घेत घेतच सरळ हॉस्पिटल गाठा.