युरोपियमचा रेणू पेशीत दिसेना : माझा अनुभव

मायक्रोस्कोप बुक करायच्या फॉर्मवर चार रकाने होते: कोणत्या तरंगलांबीने उत्तेजित करणार, कोणत्या तरंगलांबीला बघणार, कोणतं ऑब्जेक्टिव्ह, किती तास. लाइफटाइमचा, म्हणजे उत्तेजित झालेला रेणू सरासरी किती वेळाने प्रकाश सोडतो याचा, रकाना नव्हता. पेशीत घालून बघायला मी युरोपियम या धातूचा चमकणारा रेणू बनवला होता. त्याच्यासाठी ४०५ आणि ६१५ नॅनोमीटर लिहिलं, तीन तास मागितले, दहा दिवसांनी वेळ मिळाली आणि पडद्यावर काळोख बघून परत आलो. असं तीन वेळा झालं. त्या काळात दोष रेणूला देत होतो आणि रेणू बिचारा निर्दोष होता.

रेणू बनवायच्या भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तो सरळ झाला. सायक्लेनचं, म्हणजे चार नायट्रोजन असलेलं, कडं, त्याला युरोपियमला घट्ट धरणारे हात आणि एक अरोमॅटिक (बेन्झीनसारखी कडी असलेली) अँटेना. अँटेना हवीच, कारण युरोपियम स्वतः प्रकाश जवळजवळ शोषत नाही. तो प्रकाश अँटेना शोषते आणि ऊर्जा धातूकडे सोपवते. धातू घालताना पीएच ५.५ ते ६.५ च्या मध्ये ठेवा. घाईने अल्कली ओतली आणि पीएच ७ च्या वर गेला, तर युरोपियम हायड्रॉक्साइडचा पांढरट गाळ बसतो. शेवटी मोकळा युरोपियम उरलाय का, ते झायलेनॉल ऑरेंज या रंगद्रव्याने तपासा. ही तपासणी टाळू नका. मोकळा धातू पेशींना त्रास देतो आणि पुढचे सगळे आकडे बिघडवतो.

क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या पारदर्शक कुपीत, सगळं छान होतं. वर्णपटात ५९० नॅनोमीटरच्या आसपास एक पट्टा, ६१५ ला सगळ्यात उंच, ७०० ला आणखी एक. लाइफटाइम साध्या पाण्यात १.० मिलिसेकंद, जड पाण्यात १.४. या दोन आकड्यांवरून धातूला पाण्याचे किती रेणू चिकटलेत ते काढता येतं: दोन्हींच्या व्यस्तांतला फरक घ्या, त्यातून ०.२५ वजा करा, उरलेल्याला १.२ ने गुणा. इथे उत्तर जवळजवळ शून्य आलं. म्हणजे ओ-एच बंधांच्या कंपनांत ऊर्जा वाया जात नव्हती. लाइफटाइम जितका लांब तितकं चांगलं, असं मी तेव्हा खुशीत टिपून ठेवलं होतं. कॉन्फोकलवर, म्हणजे लेझर एकेका बिंदूवरून फिरवत चित्र जोडणाऱ्या त्या मायक्रोस्कोपवर, नेमका तोच गुण अंगाशी आला.

झालं काय, ते आकड्यांतच सांगतो. ५१२ बाय ५१२ ची चौकट, बाजू सुमारे १०० मायक्रॉन, म्हणजे एक पिक्सेल ०.२ मायक्रॉनचा. लेझर प्रत्येक पिक्सेलवर २ मायक्रोसेकंद थांबतो आणि पुढे सरकतो. फ्लुओरेसिनसारख्या रंगाचा लाइफटाइम ४ नॅनोसेकंद असतो. त्या २ मायक्रोसेकंदांत त्याचा एक रेणू तत्त्वतः पाचशे वेळा उत्तेजित होऊन पाचशे फोटॉन देऊ शकतो. युरोपियमचा रेणू जास्तीत जास्त एक देणार, आणि तोही सरासरी एका मिलिसेकंदाने. तोवर लेझरने जवळजवळ अख्खी ओळ पार केलेली असते.

आता पिनहोल, म्हणजे डिटेक्टरसमोरचं बारीक भोक. कॉन्फोकलमध्ये डिटेक्टर फक्त लेझर या क्षणी जिथे आहे तिथलाच प्रकाश आत घेतो, बाकीचा पिनहोलच्या कडेवर अडतो. पिनहोलचं नेहमीचं माप एक एअरी युनिट, म्हणजे पेशीवर साधारण अर्धा मायक्रॉन. लेझर वरच्या वेगाने सरकला की उत्तेजित झालेला रेणू तीनेक मायक्रोसेकंदांत पिनहोलच्या नजरेआड जातो. एक मिलिसेकंद रेंगाळणाऱ्या प्रकाशातला फक्त हजारातला तीनाएवढा भाग आत येतो, बाकीचा धातूच्या पत्र्यावर आदळून संपतो. रेणू पेशीत होता, व्यवस्थित प्रकाशत होता, आणि यंत्र दुसरीकडे बघत होतं.

हे माहीत नसताना माणूस जे करतो ते सगळं मी केलं. लेझरची ताकद २ टक्क्यांवरून ३० वर नेली. त्याने काय उजळलं? पेशीचं स्वतःचं एनएडीएच आणि फ्लेविन ही आपोआप चमकणारी द्रव्यं, ज्यांचे लाइफटाइम नॅनोसेकंदांतले. आमचा रेणू एका फेरीत एकाहून जास्त फोटॉन देणारच नव्हता. वर पेशी फुगल्या, पडद्यावर बुडबुडे दिसू लागले. डिटेक्टरचा गेन वाढवला, दाणेदार गोंगाट मिळाला. रेणूची मात्रा ५० वरून २०० मायक्रोमोलरवर नेली, तेव्हा तळाशी गाळाचे कण चमकले आणि तेच यश समजून मी फोटो काढून ठेवले. ते फोटो अजून आहेत. कण ओळखायची खूण सोपी आहे: ते पेशींच्या बाहेर, रिकाम्या काचेवरही दिसतात.

उलगडा झाला तो चौथ्या वेळी, वैतागून पिनहोल पूर्ण उघडल्यावर. अचानक प्रकाश दिसला, पण विचित्र. पेशीतल्या प्रत्येक ठिपक्याला उजवीकडे शेपूट, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखं. आधी वाटलं पेशी हलतायत. मग स्कॅनची दिशा ९० अंशांत फिरवली, तर पेशींच्या मानाने शेपटंही ९० अंशांत फिरली. पेशी काही स्कॅनरच्या मर्जीप्रमाणे हलत नाहीत. मग दोन्ही दिशांनी स्कॅन लावला: एका ओळीत शेपूट उजवीकडे, पुढच्या ओळीत डावीकडे, ठिपक्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या. लाइफटाइम लांब आहे याचा याहून स्वच्छ पुरावा नको. तुमचं चित्र अकारण अंधूक असेल तर सगळ्यात आधी हे दिशा फिरवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग वेग कमी करायचा का? हिशेब करा. प्रत्येक पिक्सेलवर १ मिलिसेकंद म्हणजे पूर्ण चौकटीला २६२ सेकंद, चार मिनिटांहून जास्त. तेवढ्यात जिवंत पेशीतले कप्पे कुठल्या कुठे जातात. ६४ बाय ६४ चा छोटा तुकडा चार सेकंदांत होतो. खात्री करून घ्यायला तो पुरे, कामाला नाही.

खरा उपाय स्कॅनर सोडून देणं हाच. साधा वाइडफील्ड (अख्खी चौकट एकदम उजळणारा) मायक्रोस्कोप, ३६५ नॅनोमीटरचा एलईडी, ६१५ च्या आसपासचा अरुंद फिल्टर आणि गेट करता येणारा, म्हणजे ठरवलेल्या क्षणीच प्रकाश आत घेणारा, इंटेन्सिफायर (प्रकाश वाढवणारी नळी) लावलेला कॅमेरा. एलईडी १ मिलिसेकंद चालू, मग बंद, ५० मायक्रोसेकंद थांबा, मग १.५ मिलिसेकंद कॅमेऱ्याचं दार उघडा. हे चक्र शंभर वेळा चिपवरच साठवून एकदाच वाचा. प्रत्येक चक्राला वेगळी फ्रेम वाचलीत तर वाचनाचा गोंगाट शंभर पटींनी नाही, तरी दहा पटींनी नक्की वाढतो. त्या ५० मायक्रोसेकंदांत पेशीची स्वतःची चमक पूर्ण मरते, आमची जेमतेम पाच टक्के जाते. पहिलं गेट केलेलं चित्र आलं तेव्हा मागची जमीन काळी कुळकुळीत आणि केंद्रकाभोवती ठिपक्यांचं कडं. जो लांब लाइफटाइम कॉन्फोकलवर नडला, त्यानेच इथे बॅकग्राउंड पुसून टाकलं. झेनॉन फ्लॅशदिवा वापरत असाल तर थांबायचा वेळ वाढवा, कारण त्याची ज्योत विझतानाही शेपूट सोडते.

ठिपके म्हणजे बहुतेक लायसोसोम, पेशीतले पचनाचे कप्पे. खात्रीला लायसोसोम रंगवणारा हिरवा लायसोट्रॅकर घ्या, लाल घेऊ नका; त्याचा प्रकाश ५९० च्या आसपास येतो आणि गोंधळ होतो. पेशींची एक ताटली ४ अंश सेल्सिअसला ठेवून बघा. तिथे ठिपके नाहीसे झाले तर रेणू ऊर्जा खर्चून आत ओढला जातोय, नुसता झिरपत नाहीये. आणि रेणू न घातलेल्या पेशींची एक ताटली त्याच गेटवर हवीच, कारण अतिनील प्रकाशात काही काचा आणि तेलं स्वतःच रेंगाळत चमकतात.

राहिलेलं: बघताना फिनॉल रेड (माध्यमातला पीएच दाखवणारा रंग) नसलेलं माध्यम घ्या. रेणू विरघळवायचा द्रावक, डीएमएसओ, अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवा, आणि साठ्याचं द्रावण थेट पेशींवर टाकू नका, कोमट माध्यमात हलवत मिसळा. गाळ तिथेच होतो. धातूवर पाण्यासाठी जागा मोकळी असलेला कॉम्प्लेक्स (धातू धरलेला रेणू) असेल तर माध्यमातला बायकार्बोनेट ती जागा पकडतो आणि पट्ट्यांचा आकार बदलतो, म्हणून स्पेक्ट्रम त्याच माध्यमात घ्या. ताटलीचा तळ ०.१७ मिलिमीटर काचेचा. आणि क्युव्हेटमध्ये ३५० ने उत्तेजित करत असाल तर डिटेक्टरसमोर ४०० च्या वरचंच सोडणारा फिल्टर लावा. नाहीतर ३५० ची दुसऱ्या क्रमाची सावली (यंत्रातल्या जाळीमुळे दुप्पट तरंगलांबीवर दिसणारी) बरोब्बर ७०० वर, युरोपियमच्या पट्ट्यावर येऊन बसते.

फॉर्म अजून तोच आहे. मी शेऱ्याच्या ओळीत ‘लाइफटाइम १ मिलिसेकंद, स्कॅनर नको’ असं लिहितो. गेल्या वेळी तरीही कॉन्फोकलच मिळाला.